जुन्या पेट्रोल ट्रॅक्टरची कॉइल बदलताना

ट्रॅक्टर मुळात ६ व्होल्टचा. आधीच्या मालकाने १२ व्होल्टची बॅटरी चढवली, कॉइल (प्लगच्या ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) मात्र जुनीच ठेवली. थोडं चाललं की कॉइल हात लावू देईना, पॉइंट (कॉइलचा करंट चालू-बंद करणारे संपर्क) जळून खडबडीत झालेले.

कॉइलच्या दोन बारक्या टोकांना मल्टीमीटर लावला: १.५ ओहम. म्हणजे १२ व्होल्टवर ८ अँपिअर करंट. पॉइंटना झेपतो जेमतेम ४. आता एकतर करंट कमी करणारा दीड ओहमचा बॅलास्ट रेझिस्टर कॉइलच्या आधी जोडायचा, नाहीतर ३ ओहमची कॉइल घ्यायची. मी कॉइल घेतली, वायरिंगची कटकट कमी. नुसत्या ‘१२ व्होल्ट’ छापलेल्यावर जाऊ नका, त्यातल्या काहींना बाहेरून रेझिस्टर लागतोच. म्हणून मीटर लावूनच घेतली.

बॅटरीचं प्लस बॉडीला अर्थ होतं, त्यामुळे कॉइलचं प्लस डिस्ट्रिब्यूटरकडे (पॉइंट असतात तिथे), मायनस स्विचकडे. पॉइंटही नवे टाकले.