कुत्रा गेल्यावर मुलांना काय सांगावं?
घरातला लाडका कुत्रा गेला की लहान मुलांना ‘तो झोपलाय’ किंवा ‘लांब गेलाय’ असं सांगू नका. चार-पाच वर्षांच्या मुलांना मरण कायमचं असतं हे नीट उमगत नाही. ती त्याची वाट बघत बसतात, काही तर स्वतः झोपायला घाबरतात. जवळ घेऊन सरळ सांगा: ‘तो मेला, त्याचं शरीर बंद पडलं, तो परत येणार नाही.’ ‘माझ्यामुळे गेला का?’ हे मूल बोलून दाखवत नाही, पण मनात असू शकतं. म्हणून ‘तुझं काही चुकलं नाही’ हे आपणहून सांगाच. तुम्हाला रडू आलं तर लपवू नका. त्याचा पट्टा, वाटी लगेच टाकू नका. काय ठेवायचं ते मुलांनाही विचारा. नवं पिल्लू आणायची घाई मात्र नको.