मे अखेरीस गाडी गावी ठेवून जाताना

आंबे आटोपले की गाडी गावच्या घरी लावून कोकण रेल्वेने मुंबईला परतायचं आणि थेट गणपतीला यायचं, असा ज्यांचा बेत असतो त्यांनी निघण्याआधी दोन दिवस बॅटरीसाठी राखून ठेवावेत. टायरमध्ये हवा भरा, हँडब्रेक न ओढता गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा. एवढं झालं की बाकीचा वेळ बॅटरीला द्या.

आधी साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या. संध्याकाळी गाडी बंद करून बॉनेटचा खटका ओढून ठेवा आणि सकाळी दार न उघडता बॅटरी मोजा. दार उघडलं की आतले दिवे लागतात आणि आकडा खाली येतो. उलट, गाडी नुकतीच फिरवून आणली असेल तर मीटर १३ च्या आसपास दाखवतो. तो वरवरचा चार्ज असतो, त्यावर विसंबू नका. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ ते १२.७ व्होल्ट दिसले तर बॅटरी भरलेली आहे. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. १२ व्होल्टची बॅटरी १२ दाखवते म्हणजे ठीकच आहे असं पुष्कळांना वाटतं, पण आत सहा सेल असतात आणि भरलेला प्रत्येक सेल सुमारे २.१ व्होल्टचा. १२.० वर जेमतेम पाव चार्ज उरलेला असतो. १२.६ च्या खाली असेल तर चार्जर लावून पूर्ण भरा, मगच निघा.

गाडी बंद असली तरी अलार्म, रिमोट लॉक आणि घड्याळ थोडा थोडा करंट खात राहतात. तो ३० मिलिअँपियर धरला तरी महिन्याला जवळपास २२ अँपियर-तास जातात, म्हणजे ४५ अँपियर-तासांच्या बॅटरीतले निम्मे. तीन महिने ती टिकणार कशी? म्हणून १० नंबरचा पाना घेऊन मायनसची वायर काढा. मायनसच आधी, कारण प्लस सोडवताना पाना बॉडीला लागला तर शॉर्ट होतो. त्याआधी बाकीची दारं लॉक करा, बॉनेट लावल्यावर ड्रायव्हरचं दार किल्लीने बंद करा. काही गाड्यांची डिकी बॅटरीशिवाय उघडत नाही, तेव्हा पाना आणि चार्जर घरातच राहू द्या.

शेजारच्या काकांना आठवड्याला दहा मिनिटं इंजिन चालू करायला सांगण्याची पद्धत मला अजिबात पटत नाही. उभ्या इंजिनावर बॅटरी फारशी भरत नाही, शिवाय सायलेन्सरमध्ये पाणी साठतं. चालवायचीच तर गुहागरहून चिपळूण गाठण्याइतकी तरी चालवावी.

खाऱ्या हवेत टर्मिनलवर (बॅटरीच्या वायर जोडायच्या टोकांवर) बुरशीसारखा पांढरा-हिरवा गंज लवकर चढतो. वायर काढलेली असतानाच कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून ब्रशने घासा. सेलची झाकणं घट्ट असू द्या, सोडा आत जाता कामा नये. कोरडं करून पेट्रोलियम जेली लावा. बॅटरीचा माथाही पुसा, ओल्या धुळीतूनही करंट झिरपतो.

वायर काढली तरी बॅटरी आपोआप हळूहळू उतरतच असते, आणि गरम हवेत जास्त वेगाने. उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली तर प्लेटवर सल्फेट घट्ट बसतं, मग ती पुन्हा पूर्ण भरत नाही. म्हणून मीटर काकांकडे ठेवा आणि महिन्यातून एकदा आकडा फोनवर सांगायला सांगा. १२.४ च्या खाली गेला की चार्जर लावायचा, हवा खेळती असेल अशा जागी आणि विडी-चुलीपासून लांब, कारण भरताना हायड्रोजन निघतो. पावसाळ्यात वीज जाते-येते, तेव्हा वीज आल्यावर स्वतःहून सुरू होणारा चार्जर घ्यावा.

गणपतीला आल्यावर वायर जोडण्याआधी मोजा. आकडा चांगला असेल तर मायनस जोडा आणि सेल्फ मारताना मीटर बघा: साडेनऊच्या खाली गेला तर बॅटरी थकली आहे. इंजिन चालू झाल्यावर १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. वायर जोडण्याआधीचा आकडाच १२ किंवा त्याहून कमी असेल तर दुसऱ्या गाडीवरून सुरू करून तशीच पळवू नका, रिकामी बॅटरी भरणं हे अल्टरनेटरचं (इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राचं) काम नव्हे. चार-पाच अँपियरवर सावकाश भरा, रात्रभर ठेवा, पुन्हा मोजा. सकाळी १२.४ सुद्धा टिकले नाहीत तर मूर्ती आणायला निघण्याआधी बॅटरी बदलून घ्या.