ऑडिओ गेम विंडोजवर बोलतो, मॅकवर गप्प बसतो: या चुका टाळा

दृष्टिहीन खेळाडूंसाठी गेम बनवायला बसलेला डोळस डेव्हलपर एक गोष्ट हमखास विसरतो: खेळाडूच्या कानात त्याचा गेम एकटा नसतो. तिथे आधीपासून स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम, असतो. विंडोजवर एनव्हीडीए किंवा जॉज, मॅक आणि आयफोनवर व्हॉइसओव्हर, अँड्रॉइडवर टॉकबॅक, लिनक्सवर ऑर्का. खाली लिहिलेले बहुतेक घोटाळे गेम आणि स्क्रीन रीडर या दोघांच्या भांडणातून होतात आणि प्रत्येक सिस्टीमवर भांडणाचं कारण वेगळं असतं.

आम्ही इंदूरची काही मराठी मंडळी सध्या एक छोटा गेम बांधतोय. रात्रीच्या सराफ्यातून, म्हणजे इंदूरच्या खाऊबाजारातून, फक्त आवाजांच्या आधाराने हव्या त्या खाण्याच्या गाडीपर्यंत पोहोचायचं. उदाहरणं त्यातलीच देतो.

गेमने स्वतःच्या आवाजात बोलण्याचा हट्ट

मेन्यू, सूचना, स्कोअर असं सगळं रेकॉर्ड करून टाकणं किंवा विंडोजच्या सापी ५ या बोलण्याच्या यंत्रणेचा एखादा आवाज खेळाडूच्या गळ्यात बांधणं, ही पहिली चूक. रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्याने आपला आवाज आणि वेग वर्षानुवर्षं वापरून पक्का केलेला असतो. तो वेग इतका जास्त असतो की नवख्याला शब्दही उमगत नाही. अशा माणसाला संथ लयीतला मेन्यू ऐकवणं म्हणजे त्याला दारात ताटकळत ठेवणं. पात्रांचे संवाद खुशाल रेकॉर्ड करा, पण बाकीचा मजकूर त्याच्याच स्क्रीन रीडरकडे पाठवा.

इथे दुसरा खड्डा लागतो. विंडोजवर या कामासाठी टोल्क नावाची लायब्ररी बरेच जण वापरतात आणि ती चांगलीही आहे, पण ती फक्त विंडोजची. तिची फंक्शन्स कोडमध्ये ठिकठिकाणी पेरली की मॅकवर नेताना सगळी पेरणी उपटावी लागते. त्यामुळे पहिल्या दिवशीच स्वतःचा एक पातळ थर लिहून घ्या. त्यात दोनच कामं ठेवा, 'बोल' आणि 'गप्प हो'. त्याच्या खाली विंडोजवर टोल्क, ॲपलकडे व्हॉइसओव्हरला पाठवायची घोषणा, लिनक्सवर तिथली बोलण्याची सेवा, स्पीच डिस्पॅचर. गेमच्या बाकी कोडला यातलं काहीच माहीत नसावं.

विंडोजवर गेम नीट चालतोय, पण एनव्हीडीए त्यातलं अक्षरही बोलत नाही, अशी तक्रार आली तर आधी डीएलएल तपासा. ६४ बिटच्या गेमला एनव्हीडीएशी बोलणारी कंट्रोलर फाइल ३२ बिटची जोडलेली असली तर ती लोडच होत नाही, आणि तुम्ही एरर पकडली नसेल तर कोणाला कळतही नाही.

भाषेचा प्रश्न आपल्याकडे जास्तच महत्त्वाचा. इंदुरात एकच मुलगा घरी मराठी, बाहेर हिंदी आणि कॉम्प्युटरवर इंग्रजी वापरतो. एनव्हीडीएसोबत फुकट येणाऱ्या ईस्पीक एनजी या आवाजाला मराठी येतं. जॉजवाल्यांच्या आवडत्या एलोक्वन्स या आवाजाला देवनागरी येत नाही. त्यामुळे तुमचं सुंदर मराठी वाक्य काहींच्या कानापर्यंत पोहोचणारच नाही. गेम पहिल्यांदा उघडला की मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तिन्ही भाषांत एकेक वाक्य बोला आणि जे ऐकू आलं त्यावर एंटर दाबायला सांगा. सिस्टीमची भाषा पाहून परस्पर ठरवू नका.

शिवाय प्रत्येक वाक्याने आधीचं वाक्य तोडायचं, की रांगेत उभं राहायचं, हे वाक्यागणिक ठरवा. धोक्याची सूचना लगेच घुसली पाहिजे. 'खिशात ४० रुपये उरले' हे थांबू शकतं. सगळंच तोडत गेलं की खेळाडूला फक्त वाक्यांची सुरुवात ऐकू येते.

आवाज अचानक दबतो किंवा स्क्रीन रीडर गायब होतो

तक्रार अशी येते: 'काही बोललं गेलं की पावलांचा आवाज नाहीसा होतो.' हा बहुतेक वेळा बग नसतो, डकिंग असतं. म्हणजे स्क्रीन रीडर बोलताना बाकीचे आवाज मुद्दाम खाली आणतो. एनव्हीडीएमध्ये ते एनव्हीडीए की, शिफ्ट आणि डी एकत्र दाबून बदलता येतं. मॅकवर व्हॉइसओव्हर युटिलिटीत त्याची सोय आहे. दुसऱ्याच्या सेटिंगला तुम्ही हात लावू शकत नाही, म्हणून ही माहिती गेमच्या मदत पानावर अगदी वर द्या. आणि ज्या क्षणी बारीक आवाज ऐकणं जीवनमरणाचं आहे, त्या क्षणी गेमने काही बोलू नये.

याच्या उलट प्रकार जास्त वाईट. लेटन्सी, म्हणजे आवाज यायला लागणारा उशीर, कमी व्हावी म्हणून कोणी विंडोजवर वासापी या आवाजाच्या यंत्रणेचा एक्सक्लुझिव्ह मोड लावतं. त्याने साउंड डिव्हाइस एकट्या गेमच्या ताब्यात जातं आणि स्क्रीन रीडर पूर्ण बंद पडतो. खेळाडूला गेममधून बाहेर पडायची वाटही ऐकू येत नाही. शेअर्ड मोडच वापरा, यात दुसरा विचार नको.

गराडूवाला डोक्यातच बसतो

सराफ्यातले आवाज आम्ही मोबाइलवर रेकॉर्ड केले होते. गराडूच्या (तळलेल्या कंदाच्या) कढईवरची उलथण्याची टणटण, भुट्ट्याच्या कीसापाशी चाललेली घासाघीस, गर्दीचा गलका. गेम चालवून पाहणारा रामबागेतला मुलगा म्हणाला, ''दादा, गराडूवाला माझ्या डोक्यातच बसलाय. मी वळलो तरी तो जागचा हलत नाही.''

कारण साधं होतं. ओपनएएलसारख्या आवाजाच्या लायब्ररीत त्रिमितीय जागेवर बसतात ते फक्त मोनो (एकाच चॅनेलचे) आवाज. स्टीरिओ फाइल दिली तर ती जशीच्या तशी दोन्ही कानांत वाजते, कोणतीही एरर येत नाही आणि डेव्हलपर तासन् तास निर्देशांक तपासत बसतो. गलक्यासारखा पार्श्वभूमीचा आवाज स्टीरिओ राहू द्या. ज्याच्याकडे चालत जायचं तो प्रत्येक आवाज मोनो हवा, आणि शक्य तितक्या जवळून घेतलेला. लांबून घेतलेल्या आवाजात गल्लीचा घुमारा आधीच मिसळलेला असतो. मग तो आवाज कुठेही ठेवा, दूरचाच वाटतो.

त्यानंतरचा प्रश्न पुढचं-मागचं ओळखण्याचा. आवाज कोणत्या बाजूने आला हे मेंदू दोन कानांमधल्या वेळेच्या आणि तीव्रतेच्या फरकावरून ओळखतो. हा वेळेचा फरक जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंद. पण नेमका समोरचा आणि नेमका मागचा आवाज दोन्ही कानांत एकाच वेळी पोहोचतो. नुसत्या डाव्या-उजव्या पॅनिंगने हा फरक कळूच शकत नाही. स्टीम ऑडिओ किंवा ओपनएएल सॉफ्टमधलं एचआरटीएफ (डोकं आणि कान आवाज कसा बदलतात याचं गणित) वापरा, ती दोन्ही मोफत आहेत आणि एकाहून जास्त सिस्टीमवर चालतात. तरीही प्रत्येकाच्या कानाची ठेवण वेगळी असल्यामुळे काहींचा गोंधळ उरतोच. म्हणून मागच्या आवाजाची पट्टी किंचित उतरवा आणि त्याची धार थोडी कापा. खेळाडूला जागेवर वळूही द्या, कारण वळल्यावर आवाज सरकला की शंका मिटते.

आणि ब्लूटूथ. गेमने मायक उघडला की बरेच ब्लूटूथ हेडसेट कॉलच्या मोडमध्ये जातात, आवाज मोनो होतो आणि सगळी दिशा पुसली जाते. गरज नसताना मायक उघडू नका. वेळ साधून बटण दाबायचं असेल तर वायरचा हेडफोन सुचवा.

कीबोर्ड आधीच वाटलेला असतो

इन्सर्ट आणि कॅप्स लॉक एनव्हीडीएचे, कंट्रोल आणि ऑप्शनची जोडी व्हॉइसओव्हरची. यांच्यावर गेमची कामं लादू नका. शिफ्टने उडी मारायला लावलीत तर पाच वेळा शिफ्ट दाबल्यावर विंडोज स्टिकी कीजचा प्रश्न विचारत मध्ये येतं. मॅकवर डावा आणि उजवा ॲरो एकत्र दाबला गेला की व्हॉइसओव्हरच्या अनेक आवृत्त्यांत क्विक नॅव्ह (ॲरोंनी पडद्यावर फिरायची सोय) सुरू होतं आणि ॲरो गेमच्या हाताबाहेर जातात. पळापळीच्या खेळात हे दर मिनिटाला घडू शकतं. प्रत्येक की बदलता येण्याची सोय द्या, बाकी युक्त्या त्यानंतर.

टचस्क्रीनवर चित्र आणखी वेगळं. टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर चालू असताना एका बोटाचा स्पर्श आधी त्यांच्याकडे जातो. आयफोनवर खेळाच्या भागाला थेट स्पर्शाची खूण देता येते, म्हणजे तिथला स्पर्श सरळ गेमला मिळतो; ती द्या. अँड्रॉइडवर 'आधी टॉकबॅक बंद करा' असं सांगणं हा शेवटचा उपाय. तो वापरलात तर ते परत कसं चालू करायचं हे गेमनेच बोलून सांगितलं पाहिजे.

फाइली आणि कुलपं

फाइलीचं नाव मोठ्या एसने आणि कोडमध्ये लहान एसने लिहिलं असेल तर विंडोज खपवून घेतं, लिनक्स नाही. पडद्यावरचं चित्र गायब झालं तर दिसतं, आवाज गायब झाला तर तो कधी होताच का, असा प्रश्न पडतो. सगळी नावं लहान लिपीत ठेवा आणि गेम सुरू होतानाच प्रत्येक फाइल सापडते का ते तपासा.

सेव्ह फाइल गेमच्या फोल्डरमध्ये लिहू नका. डाउनलोड केलेलं, डेव्हलपरची डिजिटल सही नसलेलं ॲप मॅक एका तात्पुरत्या, लिहिता न येणाऱ्या जागेवरून चालवू शकतं, मग प्रगती जतनच होत नाही. प्रत्येक सिस्टीमने यासाठी ठरवून दिलेली जागा वापरा. २०१९ च्या कॅटालिना या मॅकच्या आवृत्तीपासून ॲपलला बाहेरच्या ॲपचं नोटरायझेशनही (ॲपलने ॲप तपासून दिलेली मान्यता) हवं असतं. त्यासाठी वर्षाला ९९ डॉलर जातात, ते हौशी गटाला जड आहेत हे खरं. पण २०२४ च्या सेक्वोया आवृत्तीपासून कंट्रोल-क्लिकने उघडायची पळवाटही बंद झालीय. पैसे भरायचे नसतील तर सेटिंग्जमधून परवानगी द्यायच्या पायऱ्या कीबोर्डने कशा करायच्या हे लिहून द्या. 'लाल बटणावर क्लिक करा' अशा सूचनेचा इथे उपयोग नाही.

तक्रारी नीट याव्यात म्हणून गेममध्ये एक की अशी ठेवा, जी दाबली की सिस्टीमची आवृत्ती, चालू स्क्रीन रीडर, साउंड डिव्हाइस आणि शेवटच्या काही एरर क्लिपबोर्डवर कॉपी होतील. खेळाडू ते थेट मेसेजमध्ये पेस्ट करतो. स्क्रीनशॉट मागायची वेळच येत नाही.