'डिफरंट'वर भागत नाही तेव्हा: 'डिस्टिंक्ट' कसा वापरायचा

मराठी माध्यमातून शिकून डेटाच्या नोकरीत आलेल्या मुलामुलींना मी इंग्रजीत रिपोर्ट लिहायला शिकवतो. त्यांच्या लिखाणात 'डिफरंट' पावलोपावली भेटतो, 'डिस्टिंक्ट' मात्र क्वचितच. खरं तर या कामात हा शब्द पक्का हवा, कारण तो रिपोर्टात येतो, गणितात येतो आणि एसक्यूएलच्या, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायच्या भाषेच्या, क्वेरीतही येतो.

दहावीला ७५ टक्क्यांच्या वर 'डिस्टिंक्शन' मिळतं, त्यामुळे अनेकांच्या मनात हा शब्द 'उत्तम'शी जोडलेला असतो. तो अर्थ इथे बाजूला ठेवा. त्यापेक्षा विज्ञानाचा पेपर आठवा. आपल्याकडचा 'फरक स्पष्ट करा' हा प्रश्न इंग्रजी माध्यमात 'डिस्टिंग्विश बिटवीन' असा येतो. दोन रकान्यांच्या मधली ती उभी रेघ जिथे ठामपणे मारता येते, तिथे 'डिस्टिंक्ट'.

'डिफरंट' म्हणजे नुसतं सारखं नसणं. 'डिस्टिंक्ट' म्हणजे प्रत्येकाला स्वतःची ओळख असणं. मराठी आणि कोकणी यांचं नातं जवळचं आहे, कितीतरी शब्द सामाईक आहेत. तरी कोकणी ही स्वतंत्र भाषा आहे. साहित्य अकादमीने १९७५ मध्ये तशी मान्यता दिली आणि १९९२ मध्ये ती आठव्या अनुसूचीत आली. अशा वेळी इंग्रजीत 'रिलेटेड बट डिस्टिंक्ट लँग्वेजेस' म्हणतात. नातं नाकारायचं नाही आणि वेगळेपणही पुसायचं नाही, हे 'डिफरंट'ला इतकं नेमकं जमत नाही. म्हणूनच हा शब्द मला फार आवडतो. 'सेपरेट'ही त्याची जागा घेऊ शकत नाही, कारण 'सेपरेट'मध्ये अंतर असतं, दोन गोष्टी एकमेकींपासून दूर केलेल्या असतात. 'डिस्टिंक्ट' गोष्टी एकाच ताटात असू शकतात.

शब्दयोजना सोपी आहे. पुढे 'फ्रॉम' येतो: 'मराठी इज डिस्टिंक्ट फ्रॉम हिंदी'. 'दॅन' किंवा 'टू' लावू नका. संख्येबरोबर हा शब्द छान बसतो: 'थ्री डिस्टिंक्ट ग्रुप्स', म्हणजे एकमेकांत न मिसळणारे तीन गट.

नवशिक्यांना खरा अडतो तो दुसरा अर्थ. तिथे तुलना करायला दुसरी वस्तूच नसते. 'अ डिस्टिंक्ट स्मेल ऑफ गॅस' म्हणजे गॅसचा निराळा वास नव्हे, तर नाकाला ठळक जाणवणारा वास. 'अ डिस्टिंक्ट पॉसिबिलिटी ऑफ रेन' म्हणजे पाऊस येण्याची चांगलीच शक्यता. 'आय डिस्टिंक्टली रिमेंबर' म्हणजे मला लख्ख आठवतंय. उलट, धूसर दिसणारं किंवा नीट ऐकू न येणारं ते 'इनडिस्टिंक्ट'. वाक्यात कशापासून वेगळं हे सांगितलेलं नसेल आणि मागेपुढे अनेक वस्तूही नसतील, तर आधी 'स्पष्ट' किंवा 'ठळक' हा अर्थ लावून पाहा. बहुतेक वेळा तोच बसतो.

'डिस्टिंक्टिव्ह' हे या शब्दाचं भावंड. त्यात खासियत येते, जिच्यावरून वस्तू ओळखू येते ती. पैठणीचा जरीचा पदर 'डिस्टिंक्टिव्ह' आहे, कारण त्यावरून ती पैठणी हे कळतं. पैठणी आणि इरकल या मात्र दोन 'डिस्टिंक्ट' साड्या.

आता कामाचं. गणितात 'टू डिस्टिंक्ट रिअल रूट्स' म्हणजे दोन भिन्न वास्तव मुळं. क्ष² − ५क्ष + ६ = ० याची मुळं २ आणि ३, म्हणून भिन्न. क्ष² − ४क्ष + ४ = ० याला २ हेच मूळ दोनदा मिळतं, तिथे हा शब्द चालणार नाही.

डेटातही हाच नियम आहे. शहरांच्या रकान्यात पुणे, नाशिक, पुणे, सातारा, नाशिक अशा पाच नोंदी असल्या तर 'डिस्टिंक्ट' शहरं तीन. पॉवर क्वेरीत, म्हणजे एक्सेलमधल्या डेटा नीटनेटका करायच्या साधनात, याच रकान्याला 'युनिक' मूल्य एकच दिसेल, सातारा, कारण तिथे 'युनिक' म्हणजे एकदाच आलेलं. रोजच्या बोलण्यात लोक 'युनिक कस्टमर्स' म्हणतात तेव्हा त्यांना बहुधा 'डिस्टिंक्ट'च अभिप्रेत असतं. आकडा देण्याआधी विचारून घ्या.

एसक्यूएलमध्ये 'सिलेक्ट डिस्टिंक्ट'पुढे दोन रकाने लिहिले तर वेगळेपण जोडीचं मोजलं जातं, फक्त पहिल्या रकान्याचं नाही. शहर आणि महिना एकत्र घेतले की पुणे-जून आणि पुणे-जुलै या दोन ओळी येतात. रिकाम्या, म्हणजे 'नल', नोंदींचंही भान ठेवा. 'सिलेक्ट डिस्टिंक्ट' अशा सगळ्या नोंदींची मिळून एक ओळ दाखवतं, तर 'काउंट डिस्टिंक्ट' त्यांना मोजतच नाही. यादीत चार ओळी आणि मोजणीत तीन असं दिसलं, तर आधी रकान्यात 'नल' आहे का ते बघा.