उन्हाळा सरला तरी वळूवर लगेच विसंबू नका

उन्हाची लाट ओसरते, वळू पुन्हा चाऱ्यावर तुटून पडतो, माजावरची गाय दिसली की धावतो. आपल्याला वाटतं, सुटलो. पण गायी उलटायला, म्हणजे गाभ न राहता पुन्हा माजावर यायला लागतात त्या यानंतरच.

वृषणांचं तापमान शरीरापेक्षा 4-5 अंशांनी कमी असावं लागतं. गरम होताच अंडकोश सैल होऊन खाली लोंबतो तो त्यासाठीच. सतत उकाडा राहिला, त्यात रात्रही गार झाली नाही, की ही सोय अपुरी पडते आणि तयार होत असलेले शुक्राणू बिघडतात. वळूमध्ये शुक्राणू घडायला साधारण 61 दिवस लागतात, वर बाहेर यायला आणखी आठ-दहा. म्हणून बिघाड दिसतो दोन-तीन आठवड्यांनी, आणि वीर्य पूर्ववत व्हायला दोन महिने तरी जातात. वळूचा जोश पाहून वीर्याचा अंदाज बांधणं ही नेहमीची चूक.

लाटेची तारीख गोठ्यातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. पुढचे दोन-अडीच महिने वीर्य तपासल्याशिवाय वळू लावू नका. तोवर गोठवलेल्या वीर्याने कृत्रिम रेतन करून घ्या.

उन्हाच्या दिवसांत दुपारी वळूची कूस श्वासाबरोबर मिनिटात किती वेळा हलते ते मोजा. साठपेक्षा जास्त वेळा हलत असेल तर त्याला उकाडा सोसत नाहीये. सावली, भरपूर पाणी, अंगावर पाणी मारून लगेच पंखा. नुसतं पाणी मारून कोंदट गोठ्यात बांधलंत तर उलट दमटपणा वाढतो.