कॅम्पिंगची छोटी टंकी भरून आणताना

इंदूरहून जानापाव, चोरल किंवा महेश्वरला मुक्कामी जायचं ठरलं की टंकी कुठे भरायची हा प्रश्न निघतोच. (आम्ही इंदूरकर सिलिंडरला टंकीच म्हणतो.) त्यामागोमाग सल्लेही येतात: घरच्या टंकीला नळी लाव आणि छोटीत उतरवून घे, छोटी आधी फ्रीजरमध्ये ठेव, मोठी उलटी धर. मुलांचे गट घेऊन मी वर्षानुवर्षं बाहेर राहते आहे. हे सल्ले देणाऱ्यांना आता मी सरळ थांबवते.

छोटी फ्रीजरमध्ये गार करून भरायचे जे व्हिडिओ फिरतात, ते अमेरिकेतले आहेत. तिथल्या अर्ध्या किलोच्या प्रोपेनच्या बाटल्या मुळात एकदाच वापरायच्या असतात. तिथल्या उचलून नेता येणाऱ्या घरगुती टाक्यांत तरंगता खटका असतो, साधारण 80 टक्के भरल्यावर तो आत येणारा गॅस अडवतो. आपल्या टंकीत असं काही नाही. ती किती भरली हे फक्त वजन सांगतं. घरची 14.2 किलोची टंकी घ्या, तिच्यात पाणी 33.3 लिटर मावतं. द्रवरूप गॅस त्यातली पाचांपैकी चार भाग जागा व्यापतो, उरलेली मुद्दाम मोकळी सोडलेली असते, कारण उष्णतेने हा द्रव पाण्यापेक्षा कितीतरी जास्त फुगतो. नळीने भरणाऱ्याला कुठे थांबायचं ते कळत नाही. काठोकाठ भरलेली टंकी मे महिन्यात गाडीत तापली, तर आतल्या द्रवाला फुगायला जागाच उरत नाही आणि पत्रा फाटतो. भरताना निसटलेला गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरतो आणि पलीकडच्या खोलीतल्या देवापुढच्या समईपर्यंतसुद्धा पोचतो. शिवाय परवान्याशिवाय असं भरणं हा गुन्हा आहे.

बाजारात मिळणाऱ्या, वर बर्नर बसवलेल्या बिनशिक्क्याच्या टंक्याही घेऊ नका. त्या कायद्याने भरून देणारं कोणी नाही, म्हणजे पुन्हा ती नळीच. कंपनीची 5 किलोची घ्या: इंडियन ऑइलची ‘छोटू’ किंवा एचपीची ‘अप्पू’. एजन्सीत आणि बऱ्याच पेट्रोल पंपांवर मिळते. एखादं ओळखपत्र पुरतं, पत्त्याचा पुरावा लागत नाही. दर बाजारभावाने. भरून आणणं म्हणजे रिकामी देऊन भरलेली घेणं. तुमची स्वतःची टंकी परत मिळत नाही, म्हणून दर वेळी नवी तपासावी लागते.

सगळं अवघड काम काउंटरवरच्या त्या पाच मिनिटांत आहे. मी तिथेच चुकले होते. एका डिसेंबरात जानापावला संध्याकाळी रेग्युलेटर बसवला आणि वास सुरू झाला. काढला, पुन्हा बसवला, तरी वास येतच होता. टंकी उचलून मुलांपासून दूर उघड्यावर नेली आणि रात्रभर तिथेच ठेवली. अकरा मुलं शेव-परमल (शेव आणि मुरमुरे) खाऊन झोपली. सकाळी उजेडात पाहिलं तर व्हॉल्व्हच्या आतलं काळं रबरी वॉशर एका बाजूने चिरलेलं होतं. एजन्सीत मी फक्त सील पाहून टंकी उचलली होती.

तेव्हापासून सील मी तिथेच तोडते. माणूस कुरकुरतो, कुरकुरू द्या. पण सील तोडण्याआधी वजन करून घ्या. टंकीच्या गळ्याभोवतीच्या पट्टीवर रिकाम्या टंकीचं वजन कोरलेलं असतं आणि ते प्रत्येक टंकीचं वेगळं असतं. 7.3 कोरलं असेल तर 5 किलो गॅससह वजन 12.3 किलो भरलं पाहिजे. काटा मागा, तो तुमचा हक्क आहे. मी तरी सामानाचा हुकवाला डिजिटल काटा पिशवीत ठेवतेच. कमी भरली तर बदलून मागा. जास्त भरली तर हातच लावू नका. जास्त गॅस मिळाला म्हणून खूश होणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यांना ती मोकळी जागा कशासाठी असते हे कोणी सांगितलेलं नसतं.

त्याच पट्टीच्या उभ्या आधारांवर आतल्या बाजूला एक अक्षर आणि आकडा असतो, पुढच्या चाचणीची मुदत. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. सी-28 असेल तर सप्टेंबर 2028 पर्यंत. मुदत उलटून गेलेली घेऊ नका.

मग टोपी काढा आणि टॉर्चने व्हॉल्व्हमध्ये पाहा. वॉशर खाचेत सपाट बसलेलं, अखंड आणि मऊ दिसलं पाहिजे. चीर दिसली, कडक वाटलं किंवा जागा रिकामी असली तर दुसरी टंकी मागा. ‘वॉशर देतो, घरी बसवून घ्या’ याला होकार देऊ नका. मधली पिन नखाने किंवा पेनने दाबायची नाही, गॅस थेट चेहऱ्यावर येतो. त्याऐवजी व्हॉल्व्हच्या तोंडात थोडं पाणी टाका. बुडबुडे आले तर पिनच गळते आहे. नाही आले तर पाणी नीट पुसून घ्या.

यानंतर स्वतःचा रेग्युलेटर बंद स्थितीत बसवून पाहा. ही पायरी बहुतेक जण गाळतात. खट् असा आवाज यायला हवा आणि हलवल्यावर तो डुगडुगता कामा नये. वॉशर चांगलं असून रेग्युलेटरच जुना झाल्याने गळतं असंही होतं, आणि ते जंगलात कळून उपयोग नाही. घरी आल्यावर अंगणात किंवा गच्चीत शेगडी जोडा, बर्नरचे कॉक बंद ठेवून रेग्युलेटर चालू करा आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी लावा. काडी लावून गळती शोधायची नाही, कधीच नाही. नळी आयएसआय शिक्क्याची केशरी असू द्या. वॉशर फाटलेलं असेल तर कोणत्याही टेपने काम भागत नाही, मी तो प्रयोग करून बसले आहे.

गाडीत टंकी उभी, टोपी लावून, दोरीने बांधून न्या आणि खिडकी उघडी ठेवा. रेल्वेत नेण्यास बंदी आहे, पातालपाणीच्या गाडीतसुद्धा.

मुक्कामी टंकी उभीच वापरा. आडवी झाली तर गॅसऐवजी द्रव शेगडीत येतो आणि ज्योत हातभर उसळते. तंबूत स्वयंपाक नको, दार उघडं असलं तरी नको. थंडीत टंकी संपत आली की ज्योत मंदावते. अशा वेळी काही लोक टंकीला शेकोटीजवळ सरकवतात. तसं करण्यापेक्षा भात थोडा उशिरा शिजू द्या.

वास आलाच तर आधी रेग्युलेटर बंद करा, आसपासची आग विझवा, टंकी उघड्यावर न्या आणि 1906 ला फोन करा. हा गॅसगळतीचा मदत क्रमांक चोवीस तास चालतो.

परतताना रिकाम्या टंकीलाही टोपी लावा. तिच्यात थोडा गॅस राहतोच.