आठवी ब, चापेकर बंधू आणि राहिलेला समारोप

ज्यांचे बीएडचे सराव पाठ आता सुरू होतायत त्यांच्यासाठी लिहितेय. माझा इतिहासाचा चौथा पाठ होता, पुण्यातली पेठेतली शाळा, आठवी ब, 35 मिनिटांचा तास, घटक सशस्त्र क्रांतिकारी चळवळ. टाचण (पाठाची लेखी आखणी) दोन रात्री जागून लिहिलं, स्केचपेनने रेघा मारून, उद्दिष्टं-स्पष्टीकरणं सगळं जागच्या जागी, आणि खरं सांगू का, त्या सुंदर अक्षराचा वर्गात काडीचा उपयोग झाला नाही.

उपयोग झाला तो कार्डशीटवर काढलेल्या साध्या नकाशाचा. त्यात फक्त गणेशखिंड रस्ता लाल केला होता. विचारलं, विद्यापीठाकडे कोण कोण जातं? अर्ध्या वर्गाचे हात वर. मग म्हटलं, आज जी विद्यापीठाची मुख्य इमारत आहे ना, तो तेव्हा गव्हर्नरचा बंगला होता, 22 जून 1897 ला तिथे व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाचा समारंभ होता आणि रात्री परतताना ह्याच रस्त्यावर दामोदर चापेकरांनी पुण्यातल्या प्लेग बंदोबस्ताचा इंग्रज अधिकारी रँड ह्याच्यावर गोळी झाडली. वर्ग चिडीचूप.

तेवढ्यात मागच्या बाकावरून, "मॅडम, पण तो प्लेग थांबवायलाच आलता ना?"

टाचणात ह्याचं उत्तर नव्हतं, पण वाचलेलं होतं म्हणून निभावलं. गोरे सोल्जर घरोघर शिरायचे, पार देवघरापर्यंत, सामान जाळायचे, माणसं उचलून वेगळ्या छावणीत ठेवायचे. त्यावर एक मुलगी हळूच म्हणाली, कोरोनात आमच्या गल्लीला पण पत्रे मारलेले, आजोबांना नेलं तेव्हा आम्हाला खिडकीतूनच बघावं लागलं. मग काय, सगळेच बोलायला लागले, मी थांबवलं नाही, दहा मिनिटं कुठे गेली कळलंच नाही. मूल्यमापनाचा एकही प्रश्न विचारला नाही, स्वाध्याय बेल वाजताना ओरडून सांगितला. निरीक्षक मॅडमचा शेरा: "वेळेचे नियोजन नाही, समारोप राहिला." बरोबरच आहे त्यांचं, पण मार्क गेल्याचं वाईट वाटलंच.

तेव्हा टाचणाच्या समासात पेन्सिलीने मिनिटं लिहा आणि तक्ते कमी करा (माझे पाच होते, दोन उघडलेच नाहीत), तो वेळ वाचनात घाला.

व्हरांड्यात तोच मुलगा परत आला. "मॅडम, मग रँडच्या मागच्या गाडीतल्या लेफ्टनंट आयर्स्टला का मारलं?" म्हटलं उद्या सांगते. उद्या नेमका त्यांना भूगोलाचा तास निघाला.